रविवारी आरे-वारेचा चढ : २१ किमी

मंडळी, येत्या रविवारी पहाटे ५.१५ ला गणपतीपुळ्याच्या एसटी स्टँडवर जमायचं, ५.३० ला निघू. आरे-वारेच्या रस्त्याने साडेदहा किलोमीटर जाऊन परत. जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांनी यायचंच. तिथे पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात, पाय थकल्यावर येतो. त्याची तयारी इथेच होईल.

वेळ मोजायची नाही. चढावर पावलं आखूड ठेवा, दम लागला तर चाला. खरी काळजी उतारावर घ्या: तिथे सुसाट सुटलात तर मांड्या भरून येतात आणि पुढच्या आठवड्याचा सराव बुडतो.

– हवा दमट असते, मीठ-साखरेचं पाणी सोबत हवंच.
– अंधारात वळणावर गाडी दिसत नाही. एका रांगेत धावा, इअरफोन नकोत.

शुक्रवारपर्यंत नाव कळवा. गुडघे दुखत असतील त्यांनी धावू नये, पाणी द्यायला मात्र जरूर या.