अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याबाबत

सर्व सभासदांस,

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय २००६ पासून आहे, पण आपल्याला ती मुदत टळल्यावरच आठवते! यंदा रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये जमून अर्ज भरू. एका कामाला ५ लाखांची मर्यादा आहे, तेव्हा उड्डाणपूल मागू नये. पदपथ, पथदिवे, बसथांब्यावरचे बाक चालतील. सोसायटीच्या आतले काम नको, जागा सार्वजनिकच हवी. ती नेमकी लिहा. ‘आमच्याकडे अंधार असतो’ एवढ्याने भागत नाही, ‘दवाखान्यासमोरच्या वळणावर दिव्याचा खांब नाही’ असे हवे. जमल्यास फोटो जोडा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देताना पोच घ्यायला विसरू नका.

– सचिव