बाबांनी पेनाने गोल केलेली बातमी

हॅम्बुर्ग, १२ जुलै

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

मी मजेत आहे. सर्दी गेली, कुकरची रिंग मिळाली, रात्री दहानंतर बाहेर पडत नाही. खडकवासला भरलं म्हणे? ताईने मुठेचा व्हिडिओ पाठवला, तो चारदा पाहिला.

बाबा, तुमचं कात्रण मिळालं. एअरबस या युरोपातल्या विमान बनवणाऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या कर्जाला सरकारं हमी देतात, त्या बातमीवर पेनाने दोन गोल आणि समासात 'मग तुझं काय?' एवढंच. फोनवर सांगायला गेले की आई मधेच 'जेवलीस का' विचारते, म्हणून लिहायलाच बसले.

पहिला गोल लाचेचा. ते प्रकरण मी इथे येण्याच्या आधीचं. विक्रीतल्या मधल्या दलालांची माहिती हमीच्या अर्जांत नीट दिली नव्हती, हे २०१६ मध्ये एअरबसनेच ब्रिटनच्या निर्यात-हमी खात्याला कळवलं. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, तिघांनी हमी देणं थांबवलं. २०२० च्या जानेवारीत कंपनीने फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेला मिळून सुमारे ३.६ अब्ज युरो भरून ते लाचेचं प्रकरण मिटवलं. आणि मी एअरबसमध्ये नाहीच. आमचं छोटं ऑफिस विमानांच्या कर्जाचे कागद लावतं. दलाल कोण, त्याचं कमिशन किती, हे तीनतीनदा तपासायला माझ्यासारखी माणसं लागतात ती त्या भानगडीमुळेच. तेव्हा कट्ट्यावर सांगा, मुलगी गोलाच्या बाहेर आहे.

दुसरा गोल: खासगी कंपनीच्या विमानाला सरकारने जामीन का राहावं? जन्मभर कर्जखातं सांभाळलेल्या माणसाने हे विचारावं! पंख वेल्समधल्या ब्रॉटनचे, नाकाकडचा भाग फ्रान्समधल्या सँ-नाझेरचा, मागचा इथला, आणि जोडणी एल्बे नदीपलीकडे फिंकनवेर्डरला. एका विमानात इतक्या गावांचे पगार. गिऱ्हाईक लांबच्या देशातलं असलं की बँक कचरते, मग ही सरकारं आपापल्या वाट्याची हमी देतात. कागद एकजण पुढे होऊन करतो, बाकीचे आपला भार उचलतात. २००८ च्या मंदीत बँकांनी हात आखडले तेव्हा विमानं विकली गेली ती बरीचशी या आधारावर. फुकट काही नाही. अशा हमीबद्दल देशांनी केलेल्या २०११ च्या करारानुसार गिऱ्हाईकाने १५ ते २० टक्के स्वतःचे घालायचे, साधारण १२ वर्षांत फेडायचं, आणि पत जितकी कच्ची तितकी हमीची फी जास्त. गंमत म्हणजे लुफ्तान्झाला ही सोय नाही. विमानं बनवणारे देश एकमेकांच्या घरच्या विमान कंपन्यांसाठी हमी देत नाहीत, असा त्यांच्यात समझोता आहे. 'घरच्यांना उधार मिळणार नाही', पेठेतली पाटीच.

आणि हप्ते थकले तर? सरकार बँकेचे पैसे भरतं आणि विमानाच्या मागे लागतं. ते हाती येणं सोपं नसतं. २०२३ मध्ये आपल्याकडची गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा तिला भाड्याने दिलेल्या विमानांचे मालक जवळजवळ वर्षभर कोर्टात होते. त्यानंतर २०२५ मध्ये आपल्याकडे अशी विमानं परत मिळण्यासाठी कायदा आला.

आई, तुझ्यासाठी वेगळी गोष्ट. इथे पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट जास्तीचे घेतात, त्याला 'फान्ट' म्हणतात. म्हणजे चक्क तारण! रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दाखवली की पैसे परत. बिअरच्या बाटलीला मात्र ८ सेंट. (ऐकून माहीत आहे.) पहिल्या महिन्यात मी आपल्या सवयीने बाटल्या चुरगाळून नेल्या. यंत्राला बारकोडची पट्टी वाचता येईना, एकेक बाटली गुरगुरत बाहेर. मागे रांग. एका आजीने माझ्या हातातून बाटली घेतली, तोंडाला लावून फुगवली, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि आत सारली. सातही बाटल्या तिनेच फुगवल्या. मला त्या दिवशी १ युरो ७५ सेंट मिळाले आणि घरी येऊन उगीच रडू आलं. आता हसतेय, काळजी नको.

जागा कमी राहिली, म्हणून पटापट. माझ्या कर्जाचा जूनचा हप्ता परत गेला तो माझ्या चुकीने. नवीन घराची अनामत म्हणून तीन महिन्यांचं भाडं एकदम भरलं आणि तिकडच्या खात्यात पैसे टाकायचे राहिले. बँकेचा फोन जामीनदाराला, म्हणजे तुम्हाला, जातो हे मला कळायला हवं होतं, दिवसभर तेच तर करते मी. ताई म्हणाली तुम्ही एफडी मोडून भरलेत आणि मला सांगू नको म्हणालात. मंगळवारी तुमच्या खात्यात पैसे येतील. ते परत एफडीतच टाका, माझ्या नावाने बाजूला ठेवू नका.

आणि आई, औंधच्या मंडळींना सध्या थांबायला सांग. घर दोन खोल्यांचं घेतलंय. गणपतीत येईन तेव्हा बरोबर एकजण असेल. नाशिकचा आहे, मोदक खातो. पत्र बाबा आधी वाचणार हे मला ठाऊक आहे, तर बाबा, तुम्हीच सांगा तिला, जेवणं झाल्यावर.

तुमची,
मनू