पाइपलाइन लावून देणाऱ्या ताईंना खुलं आभारपत्र

ताई, नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या वाचनालयाच्या ॲपची पाइपलाइन (नवा कोड तपासून आपोआप सर्व्हरवर नेणारी यंत्रणा) नीट लावून दिलीत त्याबद्दल मनापासून आभार, आणि लावताना प्रत्येक गोष्ट का करायची ते समजावून सांगितलंत त्याबद्दल तर त्याहून जास्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ॲप छोटंच आहे, पुस्तकांची देवघेव आणि सभासदांची यादी, कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) पब्लिक, आणि काम करणारे सगळे नोकरी सांभाळून करतात. आधी मेनमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य ब्रँचमध्ये (शाखेत), काही मर्ज झालं (मिसळलं) की टेस्ट चालायच्या आणि ते थेट लाइव्ह सर्व्हरवर जायचं. टेस्टिंगच्या आणि खऱ्या डेटाबेसचे पासवर्ड रेपोच्या (ॲपच्या कोडसाठ्याच्या) सिक्रेट्समध्ये, म्हणजे गुप्त गोष्टी ठेवायच्या जागी, शेजारी शेजारी, म्हणजे कुठलाही जॉब (पाइपलाइनमधलं एक काम) कुठलाही पासवर्ड उचलू शकत होता, आणि त्या खऱ्या डेटाबेसमध्ये लोकांचे फोन नंबर, पत्ते आहेत हो.

तुम्ही आधी सेटिंग्जमध्ये स्टेजिंग (टेस्टिंगचं) आणि प्रॉडक्शन (खरं, लाइव्ह) अशी दोन एन्व्हायर्नमेंट, म्हणजे आपापले नियम आणि सिक्रेट्स असलेले कप्पे, बनवायला लावलीत आणि मगच यामल फाइलला (पाइपलाइनच्या पायऱ्या लिहितात ती) हात लावू दिलात. कारण फाइलमध्ये नाव लिहिलं आणि तसं एन्व्हायर्नमेंट नसलं तर गिटहब ते आपोआप बनवतं, पण एकही नियम न लावता, आणि स्पेलिंग चुकलं तरी तेच होतं. दोन्हीकडे सिक्रेटचं नाव एकच ठेवलंत, व्हॅल्यू फक्त वेगळी, त्यामुळे डिप्लॉयच्या (कोड सर्व्हरवर चढवायच्या) स्टेप्स सेम राहतात, बदलते ती एन्व्हायर्नमेंटची एक ओळ. रेपोवरचे जुने सिक्रेट्सही आठवणीने काढायला लावलेत, नाहीतर एन्व्हायर्नमेंटमध्ये एखादं भरायचं राहिलं तर त्याच नावाचं रेपोवरचं गुपचूप वापरलं जातं. हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही!

मला सगळ्यात आवडलं ते रिव्ह्यूअरचं, म्हणजे मंजुरी देणाऱ्या माणसाचं. आता प्रॉडक्शनचा जॉब वेटिंगवर थांबतो, आणि कुणी मंजुरी देईपर्यंत त्याला प्रॉडक्शनचे सिक्रेट्स मिळतच नाहीत. रिव्ह्यूअर 6 पर्यंत ठेवता येतात, त्यातल्या एकाने होकार दिला तरी पुरतं, आणि ज्याने डिप्लॉय सुरू केलं त्याने स्वतःच मंजूर करायचं नाही हा टिकही तुम्ही लावायला सांगितलात. शिवाय फक्त मेन ब्रँचवरूनच प्रॉडक्शनला जाता येईल असं केलंत. आमची रेपो पब्लिक असल्यामुळे हे सगळं फुकटात मिळतंय, प्रायव्हेट असती तर रिव्ह्यूअरसाठी एंटरप्राइझ प्लॅन लागला असता हे पण तुम्ही आधीच सांगितलंत.

आणि ते कॉन्करन्सीचं, म्हणजे एकाच वेळी कामं चालण्याचं! एन्व्हायर्नमेंट लावलं म्हणून दोन डिप्लॉय एकाच वेळी चालायचे थांबत नाहीत, त्यासाठी वेगळा कॉन्करन्सी ग्रुप द्यावा लागतो, आणि चालू असलेलं कॅन्सल होऊ द्यायचं नाही, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) अर्धवट राहिलं तर निस्तरत बसावं लागतं.

आमचे ग्रंथपाल काका आता रिव्ह्यूअर आहेत. काय बदललंय ते विचारतात, मगच मंजूर करतात, आणि त्यांच्या प्रश्नांमुळे आमची पोरं रिलीज नोट्स मराठीत लिहायला लागलीत. सर्व्हर बदलायचा विचार चाललाय, तेव्हा सर्व्हरची कायमची किल्ली (पासवर्डसारखी) न ठेवता ओआयडीसी (दर वेळी थोड्या वेळापुरती परवानगी देणारी पद्धत) वापरा म्हणाला होतात ते करायचंच आहे, फोन करते.

तुमची,
वाचनालयाच्या ॲपवाली