येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) रात्री आकाशदर्शन

मंडळी, दुपारी आंबील-भज्जी आटोपली की संध्याकाळी ६.३० पर्यंत तुळजापूर रस्त्यावर, हिप्परगा तलावापलीकडच्या आपल्या नेहमीच्या शेतात या. अमावास्या आहे, चंद्राची अडचण नाही.

- दुर्बीण आल्या आल्या उघड्यावर ठेवा. आरसा गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर चित्र थरथरणारच, उगाच फोकस पिळत बसू नका.
- टॉर्चला लाल जिलेटीन लावा, मोबाईल खिशात. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. एक फ्लॅश पडला की पुन्हा पहिल्यापासून.
- नुसत्या ट्रायपॉडवर मृग नक्षत्राचा फोटो टिपणाऱ्यांनी ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागावं, येतील तेवढेच सेकंद शटर उघडं ठेवावं. ५० ची लेन्स असेल तर १० सेकंद, क्रॉप सेन्सरला (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला) त्याहूनही कमी. नाहीतर ताऱ्यांच्या रेघा उमटतात.
- ज्वारी उभी आहे. पिकात ट्रायपॉड रोवायचा नाही!