ऑपरेशननंतरचा ब्रेसही उपचारच धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीचा कणा वाकडा झालेल्या मुलींवर यशस्वी शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या आपल्या पानांवर अधूनमधून येतात. त्या वाचून मला खरंच आनंद होतो. पण मुलगी घरी गेल्यावर पुढे काय होतं, हे कुणी छापत नाही. ते सांगावं म्हणून लिहिते आहे.

मी कोरेगावात शिवणकाम करते. मुलीला नवा गणवेश घालून बघताना घेर एका बाजूला वर गेलेला दिसला. आधी वाटलं, कापताना फरक पडला असेल. मग तिला पुढे वाकायला सांगितलं, तर उजव्या बाजूच्या बरगड्या वर उचललेल्या. एक्स-रेमध्ये बाक 56 अंशांचा निघाला. स्कोलिओसिस. बाक एवढा वाढल्यावर ब्रेसने, म्हणजे कण्याला बाहेरून दाबून धरणाऱ्या साच्याने, आवरत नाही, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. स्क्रू आणि रॉड घालून पाठीचे वरचे मणके एकमेकांना जोडले. खर्च शासकीय योजनेतून झाला. त्या डॉक्टरांचे आणि योजनेचे उपकार मी विसरणार नाही.

मात्र तेव्हा ती अकरा वर्षांची होती, पाळी आलेली नव्हती, उंची वाढायची बाकी होती. जोडलेल्या मणक्यांची वाढ थांबते, खालचे मोकळे मणके वाढत राहतात, आणि काही मुलांत वाढता वाढता तेही बाकात ओढले जातात. हे आम्हाला कळलं ते पुढच्या तपासणीत, खाली नवा बाक दिसल्यावर. नातेवाईक म्हणाले, ऑपरेशन फसलं. तसं नाही. वरचा भाग आजही जसा बसवला तसाच आहे. शरीराची वाढ मात्र ऑपरेशनसाठी थांबत नाही, आणि ही शक्यता आईबापांना सही घेण्याआधी नीट बसवून सांगायला हवी.

खालपर्यंत पुन्हा रॉड घातला तर कमरेची लवचीकता जाते. ते टळावं म्हणून डॉक्टरांनी रात्रीचा ब्रेस दिला. हा टणक प्लास्टिकचा असतो आणि मापाने बनवतात. तो कण्याला बाकाच्या उलट दिशेला जोरात दाबून धरतो. तो दाब घेऊन चालता-बसता येत नाही, म्हणून फक्त झोपताना, आठ ते दहा तास घालायचा. शाळेत कुणाला दिसत नाही, हे तिच्या वयाच्या मुलीला किती मोठं आहे ते मी रोज बघते. त्वचेला काच पडू नये म्हणून आत घालायच्या सुती बंड्या मी स्वतः शिवते, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून. सकाळी ब्रेस काढल्यावर दाबाच्या जागी लाली असते. ती अर्ध्या तासात गेली नाही तर ब्रेस दुरुस्तीला न्यायचा. एप्रिल-मे मध्ये वीज गेली की ती घामाने भिजते. आजीचा जीव तुटतो, पट्टे थोडे सैल करू का, असं विचारते. सैल पट्ट्याने दाब मिळत नाही, हे आजीला समजावणं अवघड जातं.

ब्रेसचा उपयोग होतो का, असं मला पुष्कळ जण विचारतात. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. ब्रेस घातलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, न घातलेल्यांत 48 टक्के. जितके तास जास्त, तितका फायदा जास्त. ती मुलं ऑपरेशन न झालेली होती आणि ब्रेस दिवसाही घालायची होती, त्यामुळे आमच्या मुलीला तेवढंच यश येईल असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसा शब्द दिलेला नाही. पण दुसरी शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता असेल तर ती प्रत्येक मुलीला मिळायला हवी.

आणि इथेच घोडं अडतं. लाखांचं ऑपरेशन योजनेत बसलं, ब्रेस मात्र आम्हाला पदरचा घ्यावा लागला. मूल वाढलं की तो आखूड पडतो, पुन्हा नवा. आम्ही बचत गटातून कर्ज काढलं. ज्यांना तेवढंही मिळत नाही, ते ब्रेस न घेताच घरी जातात, आणि मग बाक वाढून पुन्हा त्याच योजनेतून दुसरं, मोठं ऑपरेशन होतं. यात सरकारचा तरी काय फायदा?

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. वाढीच्या वयात कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलामुलीसाठी, हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंतचे एक्स-रे, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला ब्रेस योजनेच्या पॅकेजमध्येच धरावा. आणि 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात, तेव्हा पाचवीपासून पुढच्या मुलामुलींना पुढे वाकवून पाठ बघावी. त्याला यंत्र लागत नाही, एक मिनिटही लागत नाही. आमच्या मुलीचा बाक पंचवीस-तीस अंशांवर कुणी पाहिला असता, तर कदाचित पहिल्याच ऑपरेशनची वेळ आली नसती.

आपली,
एक आई, कोरेगाव (जि. सातारा)