सोयाबीनमधील मिश्र विषाणूंचे निदान व्हावे

महोदय,

सोयाबीनची पाने सुरकुतली आणि त्यांवर हिरवे-पिवळे डाग उमटले की ‘मोझॅक (पानांवर चट्टे पाडणारा विषाणूजन्य रोग) आला’ एवढ्यावर निदान थांबते. एकाच झाडात दोन विषाणू असू शकतात, हे क्वचितच विचारात घेतले जाते. सोयाबीन मोझॅक विषाणू बियाण्यातून आणि माव्यामार्फत पसरतो, तर बीन पॉड मॉटल विषाणू प्रामुख्याने पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांमार्फत येतो. दोन्ही एकत्र आले, की पहिला झाडाची संरक्षणयंत्रणा दुबळी करतो, दुसऱ्याचे प्रमाण झाडात वाढते आणि नुकसान एकेकट्या लागणीपेक्षा बरेच अधिक होते.

नुसत्या नजरेने हे ओळखता येत नाही, कारण काही तणनाशकांच्या इजेमुळेही पाने अशीच आकसतात. एलायझा चाचणी (विषाणूला चिकटणाऱ्या प्रतिपिंड नावाच्या प्रथिनांनी तो ओळखणारी) अनेक नमुन्यांसाठी सोयीची असली, तरी प्रत्येक विषाणूसाठी स्वतंत्र प्रतिपिंडे लागतात. मल्टिप्लेक्स आरटी-पीसीआर या विषाणूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत मात्र एकाच नमुन्यातील अनेक आरएनए विषाणू (वरच्या दोघांसारखे, ज्यांचे जनुकीय द्रव्य आरएनए असते असे) एकाच वेळी शोधता येतात. (पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकचा विषाणू डीएनएचा असल्याने त्याला साधी पीसीआर पुरते.)

किमान बीजोत्पादनाच्या शेतांतील नमुने तरी अशा चाचणीतून जावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बियाण्यातून आलेली लागण डोळ्यांना दिसेपर्यंत माव्याने ती शेजारच्या झाडांवर नेलेली असते.

– एक वाचक