मराठी फॉर्म आधी गोव्यातच तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या डिचोली भागातल्या एका शिबिरात लोकांना बायपोलरचा, म्हणजे कधी खूप उदासी तर कधी उन्माद आणणाऱ्या मानसिक आजाराचा, मराठी फॉर्म भरायला दिला होता. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. या आजाराचा माणूस बहुतेक वेळा डॉक्टरकडे जातो तो उदास असताना, मग नुसतं डिप्रेशन समजून गोळ्या सुरू होतात आणि काहींना त्या एकट्या गोळ्यांनी उलट उन्माद चढू शकतो, म्हणून वेळीच ओळखणं फार गरजेचं आहे. पण हा फॉर्म मराठीत आल्यावर आपल्या माणसांवर कोणी तपासून बघितला का, हे विचारलं तर तिथे कोणालाच सांगता येईना.

मूळ प्रश्नावली 2000 साली अमेरिकेत आली, मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर. हो-नाहीचे 13 प्रश्न, 7 किंवा जास्त 'हो', ते सगळं एकाच काळात घडलेलं आणि त्याचा बऱ्यापैकी त्रास झालेला, तर पुढे तपासणी करायची. मानसोपचाराच्या ओपीडीत तिने 100 बायपोलर पेशंटमागे 73 पकडले आणि बायपोलर नसलेल्या 100 मधल्या 90 जणांना बरोबर वगळलं. पुढे तीच प्रश्नावली तिथल्याच सामान्य लोकांत वापरली तेव्हा 100 बायपोलर माणसांमागे 28च सापडले! भाषा बदलली नव्हती तरी एवढा फरक, मग भाषा, घर, रीत सगळंच बदलल्यावर 7 हाच आकडा आपण कशाच्या जोरावर धरतो?

आपल्या राष्ट्रीय सर्व्हेप्रमाणे (2015-16) आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेले लोक हजारात साधारण 5. म्हणजे ओपीडीतले ते चांगले आकडे धरले तरी हजार जणांच्या शिबिरात तीन-चार खरे सापडतील आणि शंभरेक जण उगाच घाबरून घरी जातील. त्यात झोप कमी होऊनही थकवा आला नाही का, हा प्रश्न चतुर्थीच्या दिवसांत विचारला तर रात्र रात्र आरत्या-फुगड्यांत जागलेलं अर्धं गाव 'हो' म्हणेल. आणि शरीरसंबंधाची इच्छा वाढली होती का, हे कार्यकर्तीने मोठ्याने वाचलं नि बाजूला सासू बसलेली असली तर कुठली सून खरं सांगेल? तिथे 'नाही'वरच खूण होणार.

मराठीतून परत इंग्रजीत करून ताडून बघणं ही फक्त सुरुवात झाली. नंतर पेडण्यातल्या, सत्तरीतल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या पण वाचायला मराठी घेणाऱ्या लोकांसोबत बसून त्यांना काय कळलं ते विचारायला हवं, मग ज्या सायकियाट्रिस्टने स्कोअर पाहिलेला नाही त्याने त्याच लोकांची सविस्तर मुलाखत घेऊन दोन्ही जुळवून बघायचं, आणि कट-ऑफ, म्हणजे किती 'हो' आले की पुढे तपासायचं तो आकडा, त्यावरून ठरवायचा, दवाखान्यासाठी वेगळा नि शिबिरासाठी वेगळा लागला तरी चालेल. हे गोव्यात जमणार नाही असं कोणी म्हणू नये. डिप्रेशन आणि चिंतेच्या पाच प्रश्नावल्या इथल्याच प्राथमिक आरोग्य सेवेतल्या पेशंटवर तपासून त्याचा अभ्यास 2008 साली छापूनही आलाय.

बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, शिकणारे डॉक्टर आहेत, त्यांच्यापैकी कोणीतरी हा विषय प्रबंधाला घ्यावा. आणि तोवर शिबिरवाल्यांनी फॉर्मच्या वरच ठळक छापावं की हे निदान नाही, आणि स्कोअर जास्त आला त्याची डॉक्टरशी भेट त्याच दिवशी ठरवून द्यावी, नुसता कागद हातात देऊन पाठवू नये.

आपली,
एक वाचक, डिचोली